परड्यातलं डाळिंब

आमच्या वस्तीच्या मागं, न्हाणीचं सांडपाणी जिथं जायचं तिथं, एक डाळिंब होतं. होतं म्हणायचं, कारण २००८ च्या मिरगाच्या तोंडाला आम्ही ते काढलं. काढावं की ठेवावं यावर त्याआधी आमच्या घरात आठ महिने वाद चालला. एका झुडपापायी आठ महिने, असं शहरातल्या माणसाला वाटेल. पण त्या झुडपाची कथा सांगायला बसलं की तिच्यात सगळ्या तालुक्याचीच कथा येते. म्हणून जरा मागून सांगतो.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीच्या अंगाचं. नदी म्हणायची, पण वर्षातले बरेच महिने तिच्यात वाळूच. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही धरला तर धरला. ज्वारी, बाजरी, मटकी आणि मेंढरं, एवढ्यावर पिढ्या गेल्या. अशा गावात फळझाड लावणं म्हणजे हौसच होती, आणि हौस आज्जीला होती.

आज्जी माळकरी. पंढरपूर आम्हाला जवळ, तिथं ती जायचीच. पण आयुष्यात एकदा ती कार्तिक वद्य एकादशीला दिंडीबरोबर आळंदीला गेली. माझ्या जन्माच्या आधी दोन वर्षं, म्हणजे १९५८ साली. एकादशीच्या उपासाला तिथं कुणीतरी वारकऱ्यांना डाळिंबं वाटली. तिनं आपलं अर्धं खाल्लं, अर्धं तात्यांसाठी म्हणून पदरात बांधून ठेवलं. घरी येईस्तोवर ते वाळून गेलं. मग तिनं त्याचे दाणे राखेत चोळून परड्यात टाकले. उगवली तिघं, जगलं एक.

आळंदीची डाळिंबं म्हणजे काय, हे मला फार पुढं कळलं. आळंदी नावाची डाळिंबाची एक जातच होती. कुणी तिला वडकीही म्हणत. दाणा लालभडक, चव गोड पण जराशी आंबट धरणारी, आणि बी कठीण. पुण्याच्या गणेशखिंडीच्या फळबागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये याच आळंदीतून एक निवड केली. तिचं बी मऊ होतं. तीच पुढं १९७० मध्ये 'गणेश' या नावानं ओळखली जाऊ लागली आणि महाराष्ट्रातल्या डाळिंबाच्या शेतीचा पाया झाली. म्हणजे आज्जीच्या परड्यातलं झाड हे गणेशच्या भावकीतलं. एक सरकारी बागेत निवडलं गेलं, दुसरं एका म्हातारीच्या पदरातून आलं. आमच्या झाडाचं बी मात्र कठीणच राहिलं. दाणे चावून चोथा थुंकायचा, अशी आम्हा पोरांची रीत.

डाळिंब हे खरं तर झाड नव्हे, झुडूप. त्याला एक खोड नसतं. बुडातून सारखे फुटवे येत राहतात. बागवाले तीन-चार खोडं ठेवून बाकीचे काढतात. आज्जी काही काढायची नाही. त्यामुळं आमचं डाळिंब म्हणजे काट्यांचा एक मोठा भारा होता. कोंबड्या त्याच्या बुडाला अंडी घालायच्या. फुलं आली की मात्र सगळं परडं लाल दिसायचं. गणपतीच्या फळांत एक डाळिंब आमच्या घरचं असायचंच. आणि साल कधी वाया जायची नाही. आज्जी ती वाळवून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कुणा पोराला जुलाब लागले की सालीचा काढा. वाडीवरून रात्री-अपरात्री त्या डब्यासाठी माणूस यायचं.

त्या झुडपाला काढायची पहिली वेळ आली ती बहात्तरला.

सत्तर, एकाहत्तर कसेतरी गेले होते आणि बहात्तरला पाऊस आलाच नाही. मी बारा वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाला गाळ दिसत होता. आई-तात्या दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या मातीवर जायचे. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली की पोट धरायचं. शाळेत, कामावर सुकडी वाटायचे. जनावरं विकली गेली. परड्यातलं डाळिंब पार वाळलं, पानाचा पत्ता नाही, नुसत्या काटक्या.

एकदा तात्या कामावरून आले आणि म्हणाले, "आये, ती काटकी काढून टाकतो. दोन दिवस चूल तरी पेटंल."

आज्जी उठली, झुडपाजवळ गेली. बुडाशी बसून तिनं अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. वरच्या फांद्या आतून तपकिरी, कोरड्या. खाली, जमिनीच्या वीतभर वर, नखाखाली हिरवं लागलं.

"जितं हाय," ती म्हणाली. "वरलं न्हे चुलीला. बूड ऱ्हाऊ दे."

तात्यांनी वरच्या फांद्या कोयत्यानं उतरवल्या. त्यानंतर रोज भांडी घासल्याचं तांब्याभर पाणी आज्जी त्या बुडाला घालायची. तांब्याभर पाणी तेव्हा काही थोडं नव्हतं. आईनं तिच्या सासूशी भांडण केल्याचं मला आठवतं ते एवढंच. आईचं म्हणणं, ते पाणी शेळीला द्यावं. तिचंही खोटं नव्हतं. त्र्याहत्तरला पाऊस झाला आणि आठवड्यात बुडाला तांबडे फुटवे आले. डाळिंबाचा कोवळा फुटवा तांबूस असतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं.

यावरून आज्जी झाडांच्या बाबतीत हळवी होती असं मात्र कुणी समजू नये. धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. दाराशी शेवगा होता, शेंगांनी लदलेला. एका पावसाळ्यात त्याच्या खोडाला केसाळ अळ्यांचे पुंजके लागले. पेटत्या चुडीनं पोळल्या तरी परत आल्या. एक अळी पाळण्यात पडली आणि लेकराच्या अंगावर गांधी उठल्या. दुसऱ्या दिवशी आज्जीनं तात्यांना कुऱ्हाड घ्यायला लावली. शेवगा हिरवागार होता, शेंगा लोंबत होत्या. तरी पाडला. आई हळहळली, तेव्हा आज्जी म्हणाली होती, "झाडाचं काय न्हाय. पर त्येच्या खाली लेकरू हाय." ही गोष्ट पुढं कामाला आली, म्हणून इथं सांगून ठेवली.

आज्जी १९८९ ला गेली. आणि दुसऱ्याच वर्षी तालुक्याचं नशीब पालटायला लागलं.

१९९० साली सरकारनं रोजगार हमीशी फळबाग जोडली. खड्डे, रोपं, लावणीची मजुरी, सगळं हमीच्या पैशातून; शेतकऱ्यानं जमीन द्यायची आणि झाडं जगवायची. ज्या हमीच्या कामांवर आमच्या आयाबायांनी खडी फोडली, त्याच हमीच्या पैशातून आता माळाला फळझाडं लागली. कोकणात आंबा-काजू लागले, आमच्या बाजूला बोरं आणि डाळिंबं. डाळिंबाला आमचा मुलूख मानवला. हलकी, मुरमाड जमीन, कोरडी हवा, कमी पाणी, जे जे ज्वारीला वाईट ते ते याला चांगलं. शिवाय डाळिंबाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो. ताण दिला की पानं गळतात, मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं यावर बहार ठरतो: अंबे, मृग किंवा हस्त. ताण द्यायला आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचा ताण देवच देत होता.

धाकट्या भावानं ब्याण्णवला एक एकर गणेश लावला. मी तेव्हा पुण्यात शाळेत मास्तर होतो. पहिली फळं निघाली त्या वर्षी त्यानं मला पत्र लिहिलं होतं, त्यात हिशेब होता आणि शेवटी एक ओळ होती की आईला सोन्याचे मणी केले. पुढं ठिबक आलं, शेततळी आली, माळावर बंगले उठले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'भगवा' ही जात पुढं आणली, तिनं तर सगळं बदललं. जाड, तकतकीत, केशरी-लाल साल, दाणा गडद लाल. दूरच्या प्रवासाला टिकणारं फळ. आखातात, युरोपात माल जायला लागला. २००४ ला भावानं गणेश काढला आणि सोसायटीचं कर्ज घेऊन दोन एकर भगवा लावला. पंधरा बाय दहा फुटांवर, एकरी दोनशे नव्वद झाडं.

परड्यातलं डाळिंब या सगळ्यात तसंच उभं होतं. त्याला ना ठिबक, ना ताण, ना फवारणी. भाव नसलेलं फळ, त्यामुळं ते फक्त घरचं. बागेची पहिली ओळ त्याच्यापासून चाळीसेक फुटांवर आली होती.

२००७ च्या सप्टेंबरात भावाचा फोन आला. "आण्णा, तेल्या आलाय."

तेल्या हा शब्द आमच्याकडं त्या वर्षांत पटकीसारखा बोलला जायचा. पानावर आधी तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग दिसतो. तो काळा पडतो, भोवती पिवळी कड धरतो. मग फांदीच्या पेऱ्यांवर येतो. तिथं फांदी चिरते आणि मोडते. शेवटी फळावर. फळ डागापाशी उलतं, इंग्रजी वाय किंवा एल अक्षरासारख्या भेगा पडतात आणि झाडावरच नासतं. रोग बुरशीचा नाही, जिवाणूचा आहे. भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये दिल्लीकडं झाली होती. पण पन्नास वर्षं तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. महाराष्ट्रात शेकडो मैल डाळिंबच डाळिंब झालं, तेव्हा २००२-०३ पासून त्यानं तोंड वर काढलं. एकाच पिकाच्या बागा एकमेकींना चिकटून उभ्या केल्या की रोगाला चालत जावं लागत नाही, हे आम्हाला उशिरा समजलं. २००५ मध्ये सोलापुरात डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, त्यावरून हे पीक आणि त्याचं दुखणं किती मोठं झालं होतं याची कल्पना येईल.

मी दिवाळीला गेलो. बागेत जाताना भावानं चप्पल दारातच काढायला लावली. तोपर्यंत चौथा हिस्सा फळ गेलं होतं. कृषी खात्याचे एक साहेब येऊन गेले होते. त्यांनी सांगितलं ते असं: डागाच्या दोन इंच खाली फांदी छाटा, छाटलेलं तिथंच जाळा, गळलेली पानं वेचा, बुडाला ब्लिचिंग पावडर टाका, कात्री दर झाडाला औषधात बुडवा. आणि जाता जाता परड्याकडं बोट करून म्हणाले, "ते आधी काढा. बागेला कितीही फवारलं आणि ते तसंच ठेवलं, तर उपयोग नाही."

परड्यातल्या डाळिंबाला तेल्या होता. चांगलाच होता. झुडूप दाट, आत हवा नाही, ऊन नाही, बुडाला कायम ओल. रोगाला याहून बरी जागा नव्हती.

त्या रात्री जेवण झाल्यावर भावानं विषय काढला. आई तेव्हा सत्तरीत. ती म्हणाली, "आत्तींनी दुष्काळात जगवलंय ते. तुमच्या बागंसाठी मी त्येला हात लावू देणार न्हाय."

"आई, साडेपाचशेच्या वर झाडं हायती. डोक्यावर कर्ज हाय."

"मग तुजी बाग काड."

भाऊ उठून बाहेर गेला. वहिनी भांडी घेऊन आत गेल्या. आई माझ्याकडं बघत म्हणाली, "तू शिकल्याला हायेस. सांग, आमच्या झाडाला ह्यो रोग कुठनं आला? पन्नास वर्सं न्हवता तो."

प्रश्न बरोबर होता. चार दिवस राहिलो, तेव्हा मी त्याचाच माग काढला. भावाची वही होती. कोणत्या ओळीत कधी काय केलं, ते त्यात पेन्सिलीनं लिहिलेलं. २००६ ला काही झाडं मेली होती, त्यांचे नांगे भरायला चाळीस गुट्या बाहेरच्या एका रोपवाटिकेतून आणल्या होत्या. घाईत आणल्या, मिळतील तिथून. तेल्याचे पहिले डाग वहीत ज्या झाडांपुढं मांडले होते, ती बहुतेक याच चाळिसातली. तेल्या वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांनी शेजारच्या झाडावर जातो. पण लांबचा प्रवास तो रोपांतूनच करतो. आणि परड्यात? वहिनींनी सांगितलं, मे महिन्यात बागेची छाटणी झाल्यावर त्याच कात्रीनं त्यांनी परड्यातल्या डाळिंबाच्या वाटेत येणाऱ्या फांद्या कापल्या होत्या.

म्हणजे झाडानं बागेला रोग दिला नव्हता. बागेनं झाडाला दिला होता.

मी हे चौघांत सांगितलं. आईचा चेहरा उजळला. वहिनी मान खाली घालून बसल्या, ते मला बरं वाटलं नाही. त्यांची काय चूक? भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, झाडाची चूक न्हाय, मान्य. पर आता त्येच्या अंगात हाय ते. चूक कुणाची बी आसू दे, पाऊस पडला की शिंतोडं उडणारच."

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माग काढला तेव्हा मला वाटलं होतं, सगळा निवाडा त्यातच आहे. तो नव्हता. रोग कुठून आला हा एक प्रश्न, आणि आता काय करायचं हा दुसरा.

शेवटी तोड निघाली. झाड काढायचं नाही. पण त्याला बागेसारखंच वागवायचं, पुढच्या वळवापर्यंत. नव्या पानावर डाग आला नाही तर राहील. आला तर आई म्हणेल तसं.

मग भावानं खरंच त्याला बागेसारखं वागवलं. माझी रजा संपायच्या आत आम्ही दोघांनी ते उतरवलं. आज्जीच्या काळचा काट्यांचा भारा कमी करून चार खोडं ठेवली. प्रत्येक कापाआड कात्री औषधात बुडवली. पानं, काटक्या परड्यातच जाळल्या, बागेतून नेल्या नाहीत. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट करून खोडांना आणि कापांना फासली. उरलेल्या झाडाला शंभर लिटरला किलो-किलोचं पातळ मिश्रण फवारलं. मिश्रण नीट झालंय का ते बघायला भाऊ त्यात विळ्याचं पातं बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. न्हाणीचं पाणी पाट फिरवून दुसरीकडं काढलं. निळ्या-पांढऱ्या खोडांचं ते झुडूप आजारी माणसाला दवाखान्यातली कापडं घातल्यासारखं दिसत होतं. आई रोज सकाळी जाऊन पानं उलटून बघायची. अक्षरओळख नसलेल्या माझ्या आईला तेल्याचा डाग आणि साधा करपा यांतला फरक त्या हिवाळ्यात कळायला लागला.

हिवाळा बरा गेला, उन्हाळाही. कोरड्या हवेत तेल्या दबतोच. मार्चमध्ये नवी पालवी आली, स्वच्छ. एप्रिलमध्ये दहा-बारा फुलं धरली. आई फोनवर म्हणायची, "सुदारलं बग."

मेच्या शेवटी वळवाचे दोन मोठे पाऊस झाले. तिसऱ्या दिवशी ढग, दमट उकाडा. मी सुटीला तिथंच होतो. सकाळी आई परड्यातून आली आणि काही न बोलता चुलीपुढं बसली. मी जाऊन बघितलं. नव्या पानांवर, बागेकडच्या अंगाला, तेलाचे थेंब होते. एका खोडाच्या पेऱ्याला काळी चीर होती, बोर्डोच्या थराखालून वर आलेली.

भावाला कळलं होतं, पण तो काही बोलला नाही. तो बागेत कामाला गेला. दोन दिवस घरात कुणीच विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईच म्हणाली, "आत्तींनी शेवगा पाडला हुता."

भाऊ म्हणाला, "हं."

"शेंगा हुत्या त्येला. हिरवा हुता." थोडं थांबून ती म्हणाली, "आत्ती आसत्या तर त्यांनी बी काडलं आसतं. उद्या काड. मी घरात आस्तानाच काड, मागारी नगं."

सकाळी आईनं झुडपाला हळदकुंकू वाहिलं. भावानं खोडं कापली, मग पहार आणि टिकावानं बूड उकरलं. मुळं लांबवर, पार जुन्या पाटाखाली गेली होती. दुपारपर्यंत आम्ही दोघं उकरत होतो. बुडाचा गड्डा मांडीएवढा निघाला. मी सवयीनं नखानं खरवडला. आतून हिरवा होता. मी भावाला दाखवला नाही. पण त्यानं बघितलं. सगळं तिथंच जाळलं. ओलं लाकूड, धूर दिवसभर होता.

बागेनं पुढं दहाएक वर्षं साथ दिली. भावानं मृग बहार सोडला आणि हस्त बहार धरायला सुरुवात केली, म्हणजे फळं कोरड्या हवेत वाढतात आणि तेल्या कमी लागतो. ती चाळीस झाडंही त्यानं काढली, गुट्या बाहेरून आणणं बंद केलं. कर्ज फिटलं, दोन पोरींची लग्नं झाली. परड्यातलं झाड काढलं म्हणून बाग वाचली का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "सांगता येत न्हाय. पर ठेवलं आसतं आन् बाग गेली आसती, तर आयुष्यभर आईला आन् मला त्येच दिसलं आसतं."

आई २०१५ ला गेली. वाईट ते तिनं बघितलं नाही हे बरं.

२०१९ पासून पावसानं आमच्या कोरड्या मुलखाची रीतच सोडली. २०२० च्या ऑक्टोबरात तर असा कोसळला की माळावरच्या बागांत पाणी साचून राहिलं. डाळिंबाची मुळं ते सोसत नाहीत. तेल्या होताच, त्याच्या जोडीला मर रोग आला. त्यात एक फांदी पिवळी पडते, मग झाड उभंच्या उभं वाळतं. आणि खोडाला बारीक छिद्रं पाडणारा खोडकिडा. टाचणी जाईल एवढं भोक, त्यातून भुसा. असली झाडं काढायलाच लागतात. मुळांतून आणि मातीतून मर शेजारच्या झाडाला जातो. भावानं पहिल्या वर्षी तीस झाडं काढली, बाकीची वाचावीत म्हणून. मग साठ काढली. २०२१ च्या अखेरीला जेसीबी बोलावला.

मी गेलो होतो. सांगोल्यात त्या दिवसांत रस्त्यानं जाताना दोन्ही बाजूंना उपटलेल्या डाळिंबांचे ढीग दिसायचे. जेसीबीवाल्याला आमची बाग काढायला दोन दिवसही लागले नाहीत. भाऊ बांधावर बसला होता. पहिल्या ओळीतलं एक झाड वरून हिरवं दिसत होतं, तेव्हा त्यानं जेसीबी थांबवायला लावला, उठून गेला आणि नखानं बूड खरवडलं. आज्जीला त्यानं हे करताना कधी बघितलं नव्हतं. बहात्तरला तो दोन वर्षांचा होता. साल निघाली. आतलं लाकूड काळपट पडलं होतं. त्यानं हात झटकला आणि जेसीबीवाल्याला मानेनं खूण केली.

आता तिथं मका असतो. टेंभूचं पाणी आल्यापासून शिवारात ऊसही दिसायला लागला आहे. ज्या मुलखाला कमी पाण्यानं डाळिंब दिलं, तिथं जास्त पाण्यानं ऊस आला. हे चांगलं की वाईट, ते आणखी वीस वर्षांनी कुणीतरी लिहील.

आज्जीचा पत्र्याचा डबा अजून फडताळात आहे. तळाला सालीचे चार-दोन तुकडे आहेत, पार कोळ झालेले. दसऱ्याला घर झाडताना वहिनी डबा पुसून परत ठेवतात, उघडत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, परड्यात एक डाळिंबाचं रोप लावावं म्हंते. आता बागच न्हाय आपली, मग कुणाला तरास? जागा बी चांगली हाय. यांस्नी इचारा तुमी."

मी विचारलं. भाऊ दारात बसून पायाची नखं काढत होता. त्यानं बांधापलीकडं बघितलं. तिथं भावकीतल्या एका पोरानं दोन वर्षांपूर्वी नवा भगवा लावलाय, सगळे नको म्हणत असताना. झाडं कंबरेला आलीत, निरोगी आहेत. पोरगं रोज ओळीओळीनं पानं उलटून बघत फिरतं.

"त्येची बाग हाय तंवर नगं," भाऊ म्हणाला. "ती निघाली की बगू."

वहिनी काही बोलल्या नाहीत. ती बाग निघावी असं मात्र आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही.